चौघांसाठी एक कॅन: रतनगड ते हरिश्चंद्रगड वाटेसाठी स्टोव्ह आणि टोपाची निवड

गट चौघांचा. दादरचे काका, साठी ओलांडलेले आणि तरुणपणापासून सह्याद्रीत फिरलेले. त्यांची कॉलेजात शिकणारी पुतणी. आणि मुलुंडचं एक जोडपं, दोघंही नोकरीवाले, दोघांच्याही गुडघ्यांनी आता कुरकुर सुरू केलेली. बेत डिसेंबरात आडवारी निघायचा. रतनवाडीहून रतनगड, दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, तिसऱ्या दिवशी पाचनईवरून हरिश्चंद्रगड आणि चौथ्या दिवशी खाली. तीन मुक्काम. त्यातला कुमशेतचा गावात, बाकी दोन गडांवरच्या गुहांमध्ये.

काकांकडे पितळी पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह होता. त्यासोबत रॉकेलची बाटली, पिना, स्टीलचा जाड टोप आणि झाकणाला परात असा सगळा संसार. काका तो आनंदाने उचलत आले होते, पण आता मुंबईत रॉकेल मिळणंच दुरापास्त झालं आहे आणि तेवढं ओझं कोणाच्याही पाठीवर टाकायची गटाची तयारी नव्हती. स्वयंपाकाचं सामान नव्याने जमवायचं ठरलं तेव्हा त्यांनी मला हाताशी घेतलं. पहिल्याच फोनवर मुलुंडच्या वहिनींनी विचारलं, "सगळ्यात हलका स्टोव्ह कुठला, तेवढं सांगा. बाकी आम्ही बघतो."

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण असाच विचारतो. पण त्याचं उत्तर स्टोव्हपासून सुरू करता येत नाही. काय शिजवणार, किती जणांसाठी, पाणी कुठलं, वारा किती आणि घरापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाणार कशाने, हे आधी ठरावं लागतं. या प्रकरणात तर शेवटच्या मुद्द्याने अर्धा निर्णय परस्पर करून टाकला.

आधी शिधा

मी त्यांना आधी खाण्याची यादी करायला लावली. पहिल्या यादीत दोन रात्री वरण-भात, भाजी, सकाळी उपमा आणि वेळोवेळी चहा होता. त्यातली तुरीची डाळ मी लगेच काढायला सांगितली. गडावर उघड्या टोपात तूरडाळ शिजवणं म्हणजे गॅस जाळत बसणं. दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने खाली येतो. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर, रतनगड १३०० च्या आसपास. म्हणजे दोन्हीकडे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळणार. मुगाची डाळ आणि तांदूळ तेवढ्यावर नीट शिजतात. तूर हटून बसते.

काका म्हणाले, "मग छोटा कुकर घेऊ या ना. दोन शिट्ट्यांत काम."

प्रस्ताव रास्त होता, म्हणून त्याचा हिशेब केला. दोन लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकरसुद्धा साधारण किलोभर भरतो. चौघांच्या मूगडाळीच्या खिचडीत तो वाचवणार १५ ग्रॅम गॅस, फार तर २०. हिमालयात ४००० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपास उकळतं आणि तिथे कुकरशिवाय डाळ होतच नाही. तिथे तो किलो सोन्यासारखा. सह्याद्रीत तो फक्त किलो.

मग यादी बदलली. पहिल्या रात्री मूगडाळीची खिचडी, डाळ-तांदूळ चालतानाच डब्यात भिजत घातलेले. कुमशेतला गावातल्या घरी जेवण, आणि तिथूनच दुसऱ्या दिवसासाठी भाकऱ्या बांधून घ्यायच्या. हरिश्चंद्रगडावर पिठलं. पिठल्याबद्दल मला मनापासून सांगावंसं वाटतं, कारण इंधनाच्या दृष्टीने इतका शहाणा पदार्थ मराठी स्वयंपाकघरात दुसरा नाही. बेसन हलकं, डाळीसारखं भिजवायला नको, आधण आलं की पाचेक मिनिटांत शिजतं, आणि सोबत भाकरी असेल तर भाताचाही गॅस वाचतो. सकाळी एकदा उपमा, एकदा पोहे. पोह्यांना फक्त फोडणी आणि एक वाफ. दुपारी चूल पेटवायचीच नाही: दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सातूचं पीठ. सातू गुळाच्या पाण्यात कालवलं की झालं.

एवढं ठरल्यावर हिशेब मांडता आला. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३२५ किलोज्यूल लागतात. ब्युटेनच्या, म्हणजे ट्रेकच्या कॅनमधल्या गॅसच्या, एका ग्रॅममधून साधारण ४५ किलोज्यूल मिळतात. कागदावर लिटरमागे सात-सव्वासात ग्रॅम पुरायला हवा. प्रत्यक्षात जवळपास अर्धी आच टोपाच्या बाजूने निघून जाते, म्हणून झाकण ठेवून, वारा नसताना, लिटरमागे १४ ग्रॅम धरायचा. चौघांचा एक वेळचा चहा पाऊण ते सव्वा लिटरच्या मध्ये कुठेतरी. काकांचं म्हणणं पाऊण पुरे, म्हणून १३ ग्रॅम. असे चार चहा, म्हणजे ५२. खिचडी ४०, पिठलं २०, उपमा २२, पोहे ८. बेरीज १४२ ग्रॅम.

बाजारात स्क्रूच्या तोंडाचे कॅन साधारणपणे १०० च्या आसपास, २३० आणि ४५० ग्रॅम गॅसचे मिळतात. २३० चा एक कॅन पुरेल आणि वाऱ्यासाठी, चुकांसाठी ८८ ग्रॅम हाताशी राहतील. रिकामं पत्र्याचं कवच १५० ग्रॅमचं, म्हणजे भरलेला कॅन ३८० च्या आसपास.

कसाऱ्याची लोकल

इथे बेत अडला. ठरलं होतं असं: पहाटेची कसारा लोकल, कसाऱ्याहून जीप, आणि परतीला खिरेश्वरला उतरून खुबी फाट्यावर एसटी पकडून कल्याण. मुंबईच्या बहुतेक ट्रेकर्सची ही वाट ठरलेलीच आहे.

पण रेल्वेत गॅसचा कॅन नेता येत नाही. मोठा नाही, छोटा नाही, अर्धा वापरलेलाही नाही. रॉकेल, स्पिरिट, हेक्झामिनच्या (घट्ट इंधनाच्या) वड्या, सगळ्यांना हाच नियम. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ खाली त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि त्यातून नुकसान झालं तर त्याची भरपाईही. एसटीतही ज्वालाग्राही सामान चालत नाही. विमानाची तर गोष्टच सोडा; तिथे कॅन चेक-इन सामानातही बसत नाही.

मुलुंडचे भाऊ म्हणाले, "काका, चार वाजताच्या लोकलला सॅक कोण उघडून बघतंय?"

"बघत नाहीत म्हणूनच आपण न्यायचा नाही," काका म्हणाले. "डब्यात भाजीवाल्या बायका असतात, कामावर जाणारी माणसं असतात. त्यांनी काय आपल्या ट्रेकला यायचं ठरवलंय?"

मला यात काकांच्या बाजूने बोलायला एकच गोष्ट पुरली. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्यात प्रवाशांनी बेकायदा आणलेल्या सिलिंडरवर चहा करायला घेतला आणि आग लागली. नऊ जण गेले. तो सिलिंडर आपल्या कॅनपेक्षा मोठा होता हे खरं. पण माणसांनी भरलेल्या डब्यात गळणारा वॉल्व्ह किती ग्रॅमचा आहे याने फार फरक पडत नाही, आणि ट्रेकिंगच्या मंडळींनी ही सवलत स्वतःला देऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

मग दोन वाटा उरल्या. एक, लोकलनेच जायचं आणि स्टोव्ह न्यायचाच नाही. तिन्ही रात्री गावातल्या माणसांच्या हातचं जेवायचं. शनिवार-रविवारी हा सगळ्यात हलका आणि कदाचित सगळ्यात चांगला पर्याय आहे. हरिश्चंद्रगडावर पाचनई-खिरेश्वरची माणसं हंगामात पिठलं-भाकरी करून देतात, तो पैसा गावात जातो आणि सॅकमध्ये एक ग्रॅमही वाढत नाही. पण हे लोक आडवारी निघणार होते, तेव्हा वर कोणी असेलच याची खात्री नसते. रतनगडाच्या गुहेत तर रात्री उपाशी बसायची वेळ यायची. दोन, रस्त्याने जायचं.

मुलुंडकरांची गाडी होती. पण वाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी. गाडी रतनवाडीला आणि माणसं खिरेश्वरला, हे जमत नव्हतं. शेवटी उतरण्याचं ठिकाण बदललं. हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरऐवजी पुन्हा पाचनईलाच उतरायचं, तिथे आधी सांगून ठेवलेली जीप घ्यायची आणि राजूरमार्गे रतनवाडीला गाडीपाशी यायचं. कॅन पूर्ण वेळ गाडीत किंवा सॅकमध्ये. गाडीतही तो तापलेल्या काचेमागे ठेवायचा नाही. म्हणजे स्टोव्ह निवडताना ट्रेकचा नकाशाच बदलावा लागला, आणि तो बदलला हे बरंच झालं.

इंधनाची छाननी

चुलीचा विचार पुतणीने काढला होता, लाकूड फुकट म्हणून. पण ही सगळी वाट कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशी आग तिथे पेटवता येत नाही, आणि डिसेंबरात कमरेएवढं गवत वाळून कोळ झालेलं असतं. गुहांच्या छतांवरची काजळी आणि कातळावरचे जळके डाग ज्याने पाहिले आहेत त्याला कायदा सांगायचीही गरज नाही.

स्पिरिटचा छोटा स्टोव्ह मात्र प्रामाणिकपणे तोलला पाहिजे, कारण निव्वळ वजनात तो जिंकतो. स्पिरिटची ऊर्जा ब्युटेनच्या साठेक टक्के. १४२ ग्रॅम गॅसच्या जागी २४० ग्रॅमच्या आसपास स्पिरिट लागलं असतं. त्यात हलकी बाटली मिळवली तरी पत्र्याच्या कवचासकटच्या ३८० ग्रॅम कॅनपेक्षा कमीच. स्टोव्ह स्वतः पन्नास ग्रॅमच्या आत. एकट्या माणसाच्या चहा-मॅगीसाठी मी तोच सुचवला असता. पण त्याची ज्योत दिवसा दिसत नाही, आच मंद करता येत नाही आणि दीड लिटर खिचडीला मध्येच पुन्हा भरावा लागतो. विझला असं समजून पेटत्या स्टोव्हमध्ये स्पिरिट ओतणं हा त्याचा नेहमीचा अपघात. भोवती वाळकं गवत आणि चार भुकेली माणसं असताना हे नको. हेक्झामिनच्या वड्यांचं उत्तरही तेच. शिवाय त्या टोपाच्या बुडाला चिकट काळा थर देतात.

उरला गॅस, आणि त्यात दोन जाती. लांबट नळकांडीसारखे, टेबलावरच्या शेगडीत बसणारे कॅन मुंबईत सहज आणि स्वस्त मिळतात. त्यात बहुतेक करून शुद्ध ब्युटेन असतं. स्क्रूच्या तोंडाचे बसके कॅन महाग, पण त्यात आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण मिळतं. भर उन्हाळ्यात मी स्वस्त कॅनच घ्यायला सांगितलं असतं. डिसेंबरात फरक पडतो. साधं ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. गडावर शून्य कुठे होतं, असं कोणी म्हणेल. पण द्रवाचा वायू होताना कॅन स्वतःच गार पडत जातो. २०० ग्रॅम गॅस असलेल्या कॅनमधून ३० ग्रॅम काढला आणि बाहेरून ऊब मिळालीच नाही असं धरलं, तर कॅन सुमारे २० अंशांनी उतरतो. हवेतून थोडी ऊब मिळतेच, तरीही पहाटे सात-आठ अंशांत शुद्ध ब्युटेनची ज्योत उपम्याच्या मध्यावर मान टाकू शकते. म्हणून मिश्रणाचा कॅन घेतला.

एक गोष्ट स्वतंत्र सांगायला हवी. घरच्या सिलिंडरमधून हे कॅन भरून घ्यायचे अ‍ॅडॅप्टर मिळतात, आणि पैसे वाचतात म्हणून बरेच जण ते वापरतात. कृपा करून वापरू नका. घरगुती एलपीजीत प्रोपेनचं प्रमाण बरंच असू शकतं आणि ४० अंशांना प्रोपेनचा दाब ब्युटेनच्या साडेतीन पटीच्या आसपास जातो. ब्युटेनसाठी केलेलं पातळ कवच त्यासाठी नसतं. त्यात वरपर्यंत भरला गेला, तर द्रवाला प्रसरण पावायला जागाच उरत नाही.

गॅलरीतला टेबलफॅन

बर्नरवर खरा वाद झाला. भाऊंनी २५ ग्रॅमचा, मुठीत मावणारा बर्नर शोधून ठेवला होता. माझी पसंती नळीवाल्या, जमिनीवर तीन पायांवर बसणाऱ्या बर्नरला होती. त्याचं वजन १८० ग्रॅम. दीडशे ग्रॅम जास्त का वाहायचे, हा त्यांचा प्रश्न. वादात वेळ घालवण्यापेक्षा मोजू या म्हटलं आणि एका रविवारी सगळे मुलुंडच्या घरी जमलो.

मोकळी गॅलरी, फरशीवर ओलं पोतं, बाजूला पाण्याची बादली. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. कॅन आधी तोलायचा, एक लिटर पाणी उकळायचं, कॅन पुन्हा तोलायचा. वारा बंद असताना दोन्ही बर्नर सारखेच निघाले, लिटरला १४-१५ ग्रॅम. भाऊ खूश. मग वहिनींनी टेबलफॅन आणला आणि एक नंबरवर, जरा लांबून लावला. छोट्या बर्नरची ज्योत टोपाखालून आडवी होऊन एका बाजूने बाहेर पडायला लागली. पाण्याला बुडबुडे आले, पण उकळी येईना. शेवटी आली तेव्हा काट्यावर २७ ग्रॅम गेलेला दिसला. मग तोच पंखा नळीवाल्या बर्नरवर, भोवती जाड फॉइलचा आडोसा लावून: १६ ग्रॅम.

आडोसा छोट्या बर्नरलाही लावता येईल, असं पुतणीने सुचवलं. तिथेच मेख आहे. तो बर्नर कॅनच्याच डोक्यावर बसतो. भोवती आडोसा गुंडाळला की परतलेली आच कॅनवर येते, दाब वाढतो, आणि कॅन फुटू शकतो. नळीवाल्यात कॅन हातभर लांब, आडोशाच्या बाहेर. कॅनला हात लावून पाहायचा. तो गार लागला पाहिजे.

दुसरं कारण तोलाचं. कॅन आणि वर बर्नर मिळून वीतभर उंची होते. त्यावर अडीच लिटरचा भरलेला टोप, खाली गुहेतला ओबडधोबड कातळ, आणि कोणीतरी पळीने ढवळतंय. काकांनी रिकामा टोप त्यावर ठेवून नुसतं ढवळल्यासारखं केलं आणि तो कलला. त्यानंतर त्या २५ ग्रॅमच्या बर्नरची कोणी वकिली केली नाही. एकट्या-दुकट्याच्या छोट्या टोपासाठी तो उत्तम आहेच. चौघांच्या खिचडीसाठी नाही. सह्याद्रीतल्या वाऱ्यात चार चहा आणि दोन जेवणं करायची तर आडोसा लावता येणारा जड बर्नर एकूण वजनात हलका पडतो, कारण तो दुसरा कॅन घ्यायला लावत नाही.

आडोशाची फॉइल क्रॉफर्ड मार्केटमधून आणली, केटरिंगवाले वापरतात ती जाड. दुहेरी घडी घालून, खाली हवा यायला भोकं पाडून, ४० ग्रॅम.

टोप

टायटॅनियमचा टोप सगळ्यांच्या मनात होता, कारण तो हलका आणि दिसायला देखणा. पाणी उकळायला त्याला तोड नाही. शिजवायला मात्र तो त्रास देतो. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या सुमारे दहा पट उष्णता वाहून नेतं. टायटॅनियममध्ये ज्योत जिथे लागते तिथेच चटका बसतो आणि पिठलं त्या गोलाएवढं करपतं. पिठलं हवं असेल तर अ‍ॅल्युमिनियम, इतका हा साधा निर्णय होता.

बुडाला पंख्यांसारख्या पट्ट्या असलेल्या, ज्योतीची आच शोषून घेणाऱ्या टोपाचा विचार जास्त गंभीरपणे केला. तो पंचवीस ते तीस टक्के गॅस वाचवतो. आमच्या १४२ ग्रॅममधले ४० वाचले असते, आणि पट्ट्यांचं वजन साधारण शंभर ग्रॅमने वाढलं असतं. गॅस वाचून १०० ग्रॅमचा छोटा कॅन पुरला असता तर हिशेब फिरला असता. पण आकडा येत होता १०२, म्हणजे एकही वाऱ्याची झुळूक गृहीत न धरता काठावर. कॅन अर्धा विकत मिळत नाही. वाचलेला गॅस कॅनचा आकार बदलत नसेल तर तो पाठीवर तसाच राहतो. आठवडाभराच्या हिमालयातल्या वाटेवर, जिथे तीन कॅनचे दोन होतात, तिथे तो टोप जरूर घ्यावा.

मग भुलेश्वरजवळच्या तांबाकाट्यावर गेलो. तिथे भांडी वजनावर बघायला मिळतात, हे ट्रेकरच्या फार सोयीचं. काकांना रुंद, बसका टोप हवा होता आणि ते बरोबर होतं: बूड रुंद असलं की ज्योत बुडाखाली राहते, कडेने वर चढत नाही. अडीच लिटरचा हिंदालियमचा (अ‍ॅल्युमिनियमच्याच मिश्रधातूचा) टोप आणि त्याच्या पोटात बसणारा एक लिटरचा चहाचा टोप घेतला. मोठ्याला चपटं झाकण, तेच उलटं केलं की ताटली. दोन्हींचं मिळून वजन पाचशेच्या आत आलं. कान असलेले टोप मुद्दाम टाळले. त्याऐवजी एक छोटी सांडशी. आमसूल किंवा टोमॅटो घातलेलं अन्न हिंदालियममध्ये रात्रभर ठेवायचं नाही, एवढं पथ्य.

गाडीच्या काचेला लावतात त्या चंदेरी सनशेडचा तुकडा कापून वहिनींनी टोपाच्या मापाची पिशवी शिवली. खिचडीला उकळी आली, सहा-सात मिनिटं मंद आचेवर ठेवली, की टोप त्या पिशवीत घालून वर शाल. पंचवीस मिनिटांत ती आपली आपण शिजते. यादीतली ४० ग्रॅमची खिचडी त्यामुळे ३० वर आली.

सगळा संच भरलेल्या कॅनसकट अकराशे-बाराशे ग्रॅम झाला. माणशी तीनशेच्या आत.

डोंगरावर

रतनगडाच्या गुहेत खिचडी ठरल्याप्रमाणे झाली. संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी वारा होता. त्यांनी स्टोव्ह आत, पण तोंडापासून फार दूर नाही असा ठेवला. बंद जागेत किंवा तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, हे मी सांगून ठेवलं होतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि थंडीत माणसं तंबूची चेन हमखास लावून घेतात.

टाक्यातलं पाणी फडक्यातून गाळून क्लोरीनचे थेंब टाकून प्यायले. पिण्याचं सगळं पाणी उकळायचं ठरवलं असतं तर चौघांना एक कॅन पुरलाच नसता, हे माणशी दोन-तीन लिटरने गुणून पाहिलं की लक्षात येतं.

हरिश्चंद्रगडावर दुसऱ्या पहाटे कॅन निम्म्याच्या खाली आला होता आणि ज्योत निवली. पुतणीने कॅन झाकणाच्या ताटलीत, हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात ठेवला. मिनिटभरात ज्योत पूर्ववत झाली. आदल्या रात्री कॅन स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचा सल्ला काकांनी ऐकला होता, पण तो पायाशी ढकलला गेला आणि सकाळी गारच निघाला.

परतल्यावर काट्यावर ठेवला तेव्हा १५८ ग्रॅम गॅस गेलेला होता. खिचडीतले दहा वाचवूनही अंदाजापेक्षा सोळा ग्रॅम जास्त. त्यातला बराचसा दोन गोष्टींत गेला, ज्या यादीत कोणीच लिहिल्या नव्हत्या: काकांना झोपताना प्यायला लागणारं गरम पाणी आणि पिठल्याचा टोप धुवायला घेतलेलं पाणी. पहिली गोष्ट आता यादीत कायमची आहे, रात्री अर्धा लिटर. दुसरीसाठी टोप लगेच भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्यायचा, असं वहिनींनी ठरवलं आहे.

उरलेल्या कॅनवर मार्करने वजन लिहून ठेवलं आहे, आत ७२ ग्रॅम. चौघांच्या दोन दिवसांना तो पुरणार नाही, पण एका दिवसाच्या चहा-उपम्याला चालेल, आणि तो संपेपर्यंत नवा फोडायचा नाही. पूर्ण रिकामा झाला की उघड्यावर, जवळ कुठेही ज्योत नसताना, भोक पाडून मगच भंगारात.

जूनमध्ये पुतणी आणि तिची मैत्रीण दोघीच निघणार आहेत. पाऊस, एक मुक्काम, फक्त चहा आणि गरम पाणी घालून होणारा उपमा. त्यांच्यासाठी यातलं फारसं काही लागू नाही. भाऊंचा २५ ग्रॅमचा बर्नर, पाऊण लिटरचा उभा टोप आणि १०० चा कॅन. जाणार कशाने ते अजून ठरायचं आहे.